भिंतीकडे वळवलेलं नाव

"अगं वेदिका, तो पाटा-वरवंटा वाटेत नको, कुणीतरी ठेचकाळेल!"

उज्वलाताईंचा जीव आज नुसता थाऱ्यावर नव्हता! साठाव्या वर्षी माणसानं इतकं हुरळून जाऊ नये म्हणे... का बरं जाऊ नये? आईचा वातीचा स्टोव्ह, बाबांचा रेडिओ, फडताळ, सगळं जिथल्या तिथे जपलं म्हणून अख्खी भावकी ज्यांना वेडी म्हणत आली, त्यांचं पंचवटीतलं ते तीन खोल्यांचं घर आज दहा वाजता जुन्या संसाराचं संग्रहालय म्हणून लोकांना बघायला उघडणार होतं! बोळात माणसं जमलीसुद्धा होती. अडलं होतं ते फक्त संमतीच्या कागदावर धाकट्या भावाच्या, दीपकच्या सहीपाशी, कारण घर दोघांच्या नावावर होतं.

आणि दीपक आला... देवळाली कॅम्पहून, तब्बल सहा वर्षांनी, कपाळाला आठ्या घालून!

"मी सही करणार नाही, ताई. बिल्डरला शब्द दिलाय. आयुष्यभर माझ्या वाट्यावर बसून राहिलीस, आता त्याचं प्रदर्शनही मांडतेस?"

ताईंच्या काळजात चर्र झालं. ज्याला कडेवर घेऊन घास भरवला, त्यानंच असं बोलावं?

मदतीला आलेल्या कॉलेजच्या वेदिकाला मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "काका, भांडी तरी बघा! सगळी चिंचेनं घासलीत, आणि घातलेली नावं दिसावीत म्हणून पुढे वळवलीत. एका पितळी डब्यावरचं नाव तर चक्क भिंतीकडे होतं!"

"अगं, तो नको..." ताई धावल्या. पण दीपक वाचतही होता.

"चि. सौ. कां. उज्वला हिस विवाहाप्रीत्यर्थ... बारा मे एकोणीसशे एकोणनव्वद... ताई! तारीखसुद्धा ठरली होती? तू तर म्हणायचीस, मला लग्नाची हौसच नव्हती!"

"होती रे... फार होती! पण एप्रिलात आईला अर्धांगवायू झाला. तू चार वर्षांचा, बाबांना साधा चहा करता येईना. मीच निरोप पाठवला, माझी वाट पाहू नका म्हणून."

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? तुझ्यापायी राहिले, असं? लेकरानं ते ओझं जन्मभर वागवायचं होय?"

दीपकचा बांध फुटला. "काय काय बोललो गं मी तुला!" म्हणत त्यानं ताईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

"ऊठ वेड्या, बाहेर लोक ताटकळलेत!" ताई रडत होत्या आणि हसतही होत्या.

ओल्या डोळ्यांनीच त्यानं कागदावर सही केली, तो वेदिकाच्या हाती दिला, आणि धावत जाऊन दाराची दोन्ही कवाडं सताड उघडली.

"या, या मंडळी! चपला इथे काढा, जरा जपून या... माझ्या ताईचं घर आहे हे!"