रोज एक पोतं

जुना टेम्पोवाला आजारी पडला म्हणून हा नवा आला, आणि आल्या आल्या तिच्या पायांवर तेलकट चिंध्यांचं अख्खं पोतं सांडून मोकळा झाला.

"डोळे घरी ठेवून आलात का?" ती कडाडली.

"नाही हो... इथेच अडकले." आणि वर हसला! मेल्याला लाज म्हणून नाही.

कारखान्यांचा तेलकट कचरा जिथे येई, त्या केंद्रात तिचं काम निवडण्याचं. धुऊन पुन्हा वापरता येतील त्या चिंध्या एकीकडे, तेल प्यालेला भुसा जाळण्यासाठी दुसरीकडे. धुण्याच्या पाण्यावर टाकीत तेलाचा तवंग येई. तो काढून घेतला की मगच पाणी पुढे शुद्ध करायला जाई. दिवसभर यंत्रांची घरघर, बोलायला चिटपाखरू नाही. बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसत नसे, हात कितीही घासले तरी वास जातच नव्हता. खोलीवर कुलूप, अंधार आणि एकटीचं जेवण. बहीण फोनवर विचारी, "कशी आहेस गं?" "मजेत," ती ठोकून देई.

चिंध्यांची फेरी खरं तर आठवड्यातून एकदा. पण हा रोज हजर, एकच पोतं घेऊन.

"रोज एकच कसं हो उरतं?"

"कारखानेवाले विसरतात, बाईसाहेब!"

ती नाक मुरडी. पण सकाळपासून कान मात्र टेम्पोच्या आवाजाकडे असत.

एका सकाळी तिनं पोत्यात हात घातला आणि चटकन मागे घेतला. आत धग होती! फर्निचर कारखान्यातल्या चिंध्या, जवसाच्या तेलात भिजलेल्या. दाबून ठेवल्या की आपोआप तापतात, पेटतातसुद्धा. तिनं पोतं लोखंडी पिंपात उपडं केलं, वर पाणी ओतलं.

"रात्रभर कुठे होतं हे?"

"टेम्पोत... मी तिथेच झोपतो."

"अहो, कोळसा झाला असता तुमचा!" तिचा आवाज फाटला. "मागे ठेवलंत कशाला?"

तो बुटांकडे बघत राहिला. "सगळी एकदम दिली असती, तर दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडानं आलो असतो?"

तिचे डोळे भरून आले. हा गेला असता तर ती पुन्हा एकटी पडली असती, अगदी एकटी. तिला त्याचा भयंकर राग आला.

"यापुढे सगळी पोती एकाच दिवशी उतरवायची. एकही मागे ठेवायचं नाही. कळलं?"

"बरं." त्याचा चेहरा एवढासा झाला. तो टेम्पोत चढला, गाडी सुरू केली.

"अहो!" ती धावलीच. "उद्या या... रिकाम्या हातानं."

"आणि फाटकावर विचारलं, काय काम आहे, तर?"

"तर सांगा," ती लालेलाल होत म्हणाली, "माझ्याकडे आलाय म्हणून."