खालून कोण ठोकतंय?

दादाला घरी आणायचं, एवढ्याचसाठी धाकटीने त्या कोरड्या नदीच्या दरीत गाडी घातली होती. गेल्या उन्हाळ्यात तिचा भाऊ इथे उतरला आणि परतलाच नाही. वायरलेसवरचे त्याचे शेवटचे शब्द तिनेच ऐकले होते, "खालून कुणीतरी ठोकतंय गं!" मग नुसती खरखर. शोधायला गेलेले लोक कड्यावरूनच डोकावून परत फिरले. आईने मात्र त्याचं अंथरूण अजून उचललेलं नव्हतं.

सोबत मामा होता. गॅरेजात हयात गेलेला, तोंडाचा फटकळ, पण भाचीला एकटी सोडील तर शपथ!

ऊन पांढरंफटक पडलं होतं. दरीत वारा नव्हता, पाखरू नव्हतं. इतक्या लख्ख उजेडातही आपल्याला भीती वाटते आहे, याचाच धाकटीला जास्त धसका बसला होता. उतार वाढला. गाडी कलली. मागचं चाक खळग्यावर लोंबलं.

टक! टक! टक!

तिचा पाय ब्रेकवर गेला. "मामा, ऐकलंस?"

"ऐकलं. बहिरा नाही झालो अजून."

"दादा ठोकतोय."

"तो असता ना, तर आधी तुझ्या गिअर बदलण्यावर खेकसला असता. हळू घे!" मामा म्हणाला खरा, पण त्याचाही चेहरा उतरला होता.

गाडी सपाटीवर आली की आवाज बंद. चाक लोंबलं की पुन्हा टक, टक! जीव मुठीत धरून ती खाली उतरत राहिली. आणि वळणापलीकडे ती दिसली. दादाची गाडी! तिच्या गाडीची जुळी बहीणच. खडकाळ वाटांसाठी दोन्ही गाड्या दादानेच एकाच दिवशी उंच करून घेतल्या होत्या.

एका बाजूने ती वाळूत बसली होती. तिच्याखालून बुटांचा एक जोड बाहेर आला होता.

धाकटीने गाडी थांबवली. उतरून बुटांपाशी जाऊन बसली. मामा पोटावर सरपटत आत गेला आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला.

"चाकाखालचा दगड सरकला. गाडी अंगावर आली पोराच्या." त्याने तोंड पुसलं. "इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेतो ना, तो लांब शाफ्ट तुटलाय. गाडी उंच केली, मग खाली जागा किती उरली ते यानं मोजलं, पण गाडी जमिनीवर उभी असताना! चाक लोंबलं की शाफ्ट तिरपा होतो आणि चौकटीच्या आडव्या दांड्यावर आपटतो. तेच ठोकणं. आपल्याही शाफ्टला चरा पडला असणार."

"त्याला कळलं होतं?"

"शेवटी कळलं. चाक फार लोंबू नये म्हणून एका बाजूला पट्टा बांधलाय. दुसरा हातातच राहिला." बांधलेलाही सोडून आणला होता; मामाने दोन्ही पट्टे पुढे केले. "हे आपल्या गाडीला बांधू. नाहीतर चढावर आपलाही शाफ्ट जाईल."

धाकटीने ते छातीशी धरले. "नको बांधू, मामा. तेवढाच त्याचा आवाज उरलाय."

"वेडी आहेस का? आईला दोन्ही लेकरं गमवायला लावतेस?"

तिने पट्ट्यांवरची वाळू झटकली. मग स्वतःच गाडीखाली शिरली आणि दादाने शिकवली होती तशीच गाठ मारत दोन्ही पट्टे बांधले.

त्याची गाडी त्यांनी तिथेच सोडली. जॅक लावून दादाला सोडवलं, ताडपत्रीत गुंडाळलं आणि मागच्या सीटवर निजवलं.

चढ भयंकर होता! चाकं गरगरली, दगड निसटले. गाडी मागे घसरली. "दाब! सोडू नकोस!" मामा किंचाळला. तिने पाय रोवला. मागचं चाक खळग्यावर गेलं आणि तिने श्वास रोखून कान खाली लावला.

काहीच वाजलं नाही.

वर कड्यावर तिने गाडी उभी केली, टाचेने पायाखालच्या पत्र्यावर तीनदा ठोकलं आणि खालून उत्तर येतंय का ते ऐकत थांबली. मग इतके दिवस न आलेलं रडू तिला एकदम फुटलं.

"मामा, आता तो खरंच गेला रे."

मामाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "गेला. चल, आई वाट बघतेय. त्याला घेऊन जाऊ."