दांडा ‘एल’वरच होता

“हात लावू नका हं त्या क्वाडला!” मेन्ना आत्या खिडकीतून ओरडली. पण तोवर माक्सेन शेडमध्ये, चार जाड चाकांच्या त्या डोंगरी मोटारसायकलीपाशी पोहोचलासुद्धा होता.

ऑक्टोबरची सुट्टी लागली की तेगवेन आणि तिचा धाकटा भाऊ माक्सेन बांगोर शहरातून बसने आत्याच्या डोंगरातल्या शेतावर येत. आत्याच्या भावाची, एम्रिस काकांची मुलगी माब्ली खालच्याच शेतावर राहायची. तिघांनी मिळून आठवडाभर आत्याच्या मागे डोंगरावर हुंदडायचं, हा दरवर्षीचा नेम. यंदा मात्र आत्याचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि मेंढ्या विकायला काढल्या होत्या. शुक्रवारी ट्रक येणार होता.

“सगळ्या मेंढ्या?” तेगवेनला खरंच वाटेना.

“सगळ्या!” माब्ली म्हणाली. “बाबा म्हणतात, आत्याला आता डोंगर झेपत नाही. ओला उतार, मागे ट्रॉली, त्यात दोन आजारी मेंढ्या. आणि ही गिअरचा दांडा ‘एच’वर, वेगाच्या गिअरवर ठेवूनच उतरली म्हणे! ‘एल’वर, संथ पण जोरदार गिअरवर टाकायला विसरली. क्वाड सुटला तो थेट ओढ्यात!”

“आत्या विसरेल? मागच्या वर्षी मी हेल्मेटचा पट्टा लावला नव्हता, तर तिने मला घरी पाठवलं होतं!”

“ती स्वतःच म्हणते, काय करणार?”

आत्या खरोखरच तसं म्हणत होती. चहा ओतताना तिचा हात थांबला. “डोक्याला मार लागला ना, मला काहीच आठवत नाही. विसरलेच असेन. आज दांडा विसरले, उद्या फाटक विसरेन. मग रविवारी मेंढ्या विकायच्या कागदावर सही करून टाकली.”

आत्याला असं बारीक आवाजात बोलताना तेगवेनने कधी ऐकलं नव्हतं. आणि या मेंढ्या म्हणजे काही आज विकल्या, उद्या दुसऱ्या आणल्या, असं नव्हे. वर डोंगराला कुंपण नाही. आपली हद्द कुठवर, हे कोकरू आईच्या मागे फिरूनच शिकतं. परक्या मेंढ्या आणून सोडल्या तर चार दिवसांत चार दिशांना जातील. हा कळप गेला की डोंगर कायमचा रिकामा!

“तेगवेन! माब्ली! आधी इकडे या!” शेडमधून माक्सेनची हाक आली.

क्वाड भिंतीला टेकवून ठेवला होता. चिखलाने माखलेला, हँडल वाकडं. अपघातानंतर तो ओढून आणला, सगळ्यांनी माना हलवल्या, आणि झालं. कुणी त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

“दांडा बघा!”

दांड्यावर चिखल वाळून कडक झाला होता. त्याची खाच चिखलाने बुजली होती. म्हणजे अपघातानंतर तो जागचा हललेला नव्हता. आणि तो होता ‘एल’वर!

“आत्या विसरली नव्हती!” तेगवेन किंचाळलीच.

“मग क्वाड सुटला कसा?” माब्लीने विचारलं.

माक्सेनला सायकली खोलायचा नाद. क्वाड त्याला सायकलीचा थोरला भाऊ वाटायचा. त्याने पाना शोधला आणि इंजिनाच्या बाजूचं झाकण काढलं. आतून काळी भुकटी सांडली, रबराच्या चिंध्या बाहेर आल्या. जळका वास सुटला.

“शी!” माब्लीने नाक दाबलं.

“हा पट्टा. इंजिनाचा जोर याच्यावरूनच चाकांना मिळतो. आणि ‘एल’वर उतरताना इंजिन चाकांना मागे धरून ठेवतं, तेही याच्याच आधाराने. पट्टा तुटला की ओल्या उतारावर नुसते ब्रेक पुरत नाहीत, क्वाड मोकाट!” माक्सेनने एक तुकडा उजेडात धरला. एका जागी रबर चकचकीत होऊन खोल झिजलं होतं. “आणि हा आधीच जळलेला होता. चढावर सायकल जड गिअरमध्ये रेटली तर काय होतं? पाय भरून येतात. तसंच जड ओझं ‘एच’वर ओढलं की चाकं हलत नाहीत आणि पट्टा एकाच जागी घासत बसतो. इंजिन कितीही दांडगं असो!”

“आत्या असं कधीच करणार नाही. मग केलं कोणी?”

माब्ली मागच्या हुकाशी वाकली होती. तिथे झाडाची राखाडी साल आणि नारिंगी दोराचे धागे अडकले होते. तिने एक धागा ओढून काढला.

“आमच्या फाटकाशी ॲशचं झाड पडलं होतं,” ती म्हणाली. “त्याचे दोन ओंडके केले. एक बाबांनी ओढून नेला. त्यांचा क्वाड तेव्हा दुरुस्तीला होता. दोरही त्यांचाच आहे.”

“चला, आत्ताच विचारू!” माक्सेन उठला.

“विचारलंस तर चिडतील आणि नाही म्हणतील. थांब! माझे बाबा आहेत. त्यांना बोलतं कसं करायचं ते माझ्यावर सोड. आणि तोवर आत्यालाही सांगू नका, बाबांनी कबूल केल्याशिवाय तिला पटणार नाही.”

गुरुवारी दुपारी एम्रिस काका घरी सापडले. दुसरा ओंडका अजून फाटकाशी चिखलात रुतून पडला होता.

“बाबा,” माब्ली लाडात म्हणाली, “तेगवेन म्हणते, तुमचा क्वाड नुसता शोभेचा आहे. हा ओंडका काही त्याला हलणार नाही!”

“काय?” काकांच्या मिशा थरथरल्या. “पाचशे सत्तर सीसीचं इंजिन आहे, कार्टे! बाजूला व्हा सगळे!”

दोर बांधला, क्वाड गुरगुरला. ओंडका तसूभर हलेना. काकांनी आणखी जोर दिला. झाकणाखालून निळसर धूर निघाला.

“काका, ‘एल’वर टाकायचं का?” माक्सेनने अगदी साळसूदपणे विचारलं.

“‘एल’ घाबरटांसाठी! ताकद असली की पुरे!”

“बाबा,” माब्लीचा आवाज किंचित कापला, “पहिला ओंडका आत्याच्या क्वाडने ओढलात, तेव्हाही असाच वास आला होता?”

“असा? अगं, याच्या दुप्पट! डोळ्यांतून पाणी...”

काका थांबले. त्यांनी तिघांकडे पाहिलं. माक्सेनने खिशातून पट्ट्याचा तुकडा काढून त्यांच्यापुढे धरला.

“आत्याचा दांडा ‘एल’वरच होता, काका. पट्टा आधीच जळला होता.”

काकांनी मुकाट्याने दांडा ‘एल’वर टाकला. ओंडका गोगलगायीच्या चालीने सरकला आणि बाहेर आला. काका क्वाडवरून उतरले आणि ओंडक्यावरच बसले.

“वास आला तेव्हा वाटलं, जाऊ दे, निवेल. मी तिला सांगितलंच नाही. आणि वर मीच तिला विसराळू म्हणालो!”

“मग आता सांगा ना! सौदा मोडा! उद्यापर्यंत वेळ आहे!” तेगवेन ओरडली.

तेवढ्यात वरच्या रस्त्याने जडशीळ इंजिनाचा आवाज आला. माब्लीने पाहिलं मात्र, आणि तिचा चेहराच उतरला. “ट्रक! आजच आला!”

चौघं धावत सुटले. आत्याच्या अंगणात दोन मजली ट्रक उभा होता. वादळाचा इशारा होता म्हणून ड्रायव्हर एक दिवस आधी आला होता. आत्याच्या मोट कुत्र्याने नेहमीच्या शहाणपणाने कळप आत घातला होता. शेवटची फळी लागत होती.

“थांबवा!” काका धापा टाकत म्हणाले. “चूक झाली! माझी चूक झाली! सौदा रद्द!”

ड्रायव्हर भला माणूस होता. त्याने मेंढ्या विकत घेणाऱ्या मालकाला फोन लावून दिला. काकांनी विनवलं, दुप्पट देतो म्हणाले. पलीकडून एवढंच आलं, “सही झालीय. मेंढ्या माझ्या आहेत.”

आत्या कुबड्यांवर उभी राहून सगळं ऐकत होती. माक्सेनने तिच्या हातात पट्ट्याचा तुकडा दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला.

“एम्रिस,” ती म्हणाली, “तू म्हणालास, मी विसरले. मी ते मानलं. मानलं नसतं तर हिवाळ्यापुरता गडी शोधला असता.”

काकांना मान वर करवेना. ट्रक वळणाआड गेला. मेंढ्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग तोही थांबला.

शनिवारी काकांनी आत्याचा क्वाड दुरुस्त करून आणला. नवा पट्टा, सरळ केलेलं हँडल, धुऊन चकचकीत! शेजारच्या प्रिदेर्ख बाई मनुकांचा केक घेऊन आल्या.

“काय पोरं आहेत! आम्ही एवढी जाणती माणसं, पण झाकण उघडून बघायचं एकालाही सुचलं नाही!” त्या म्हणाल्या.

“खरे हुशार!” काकांनी माब्लीच्या डोक्यावर हात ठेवला. “बापाला उघडं पाडायला हिंमत लागते, पोरी.”

माब्लीला रडू कोसळलं. केक कुणी खाल्लाच नाही.

“मेन्ना, बघ तरी!” काका घाईघाईने म्हणाले. “आता कुठलाही चढ चढेल!”

“कशासाठी?” आत्याने विचारलं.

मोट डोंगराच्या फाटकाशी जाऊन बसला होता, सकाळपासून. आत्या कुबड्या टेकत क्वाडपाशी गेली. तिने दांडा ‘एल’वर सरकवला, पुन्हा मागे घेतला, किल्ली काढली आणि काकांच्या हातात ठेवली.

“घेऊन जा. तुला लागेल.”

मग ती तेगवेनकडे वळली. हा प्रश्न तिने गुरुवारपासून चौथ्यांदा विचारला होता.

“तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस ना? कुणी नंतर हलवला नव्हता?”

“नाही आत्या. वर चिखल वाळला होता. दांडा ‘एल’वरच होता.”

“बरं,” आत्या म्हणाली आणि चहाचं पाणी ठेवायला आत गेली.