डाव्या खांबामागचं स्टूल

हे खरंच घडलंय. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, आणि माझं डोकं ठिकाणावर होतं. निदान तेव्हा तरी.

रात्रबित्र नव्हती. रविवारची भर दुपार. जागा म्हणजे आमचं जुनं, बंद पडलेलं नाट्यगृह.

आमचे हे नट होते. मी यांच्याच नाटक कंपनीत कपडे शिवायचे. म्हातारपणी यांची आठवण गेली. आधी संवाद गेले, मग घरचा रस्ता, मग मी. मला चक्क 'बाई' म्हणायला लागले. एवढा संसार करून बाई!

डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या जागी नेऊन बघा. चौकीदार जुना होता, त्यानं कुलूप काढून दिलं.

रंगमंचाच्या तोंडाशी, पडद्याभोवती, मोठी कमान होती. तिच्या डाव्या खांबामागे प्रॉम्प्टरचं स्टूल. नट वाक्य विसरला की तो तिथून हळूच पुरवायचा. सगळे त्याला कुजबुज्या म्हणायचे. त्याला वारून बरीच वर्षं झाली होती.

हे कमानीखाली उभे राहिले. पाठ आपोआप ताठ झाली.

मी खाली पहिल्या रांगेत बसले आणि विचारलं, "अहो, मी कोण?"

यांनी मान किंचित डावीकडे कलती केली...

"तू? माझी बायको. दुसरं कोण असं वस्सकन अंगावर येतं?"

मला हसू आलं आणि रडूही. माझा माणूस परत आला होता.

खात्री करायची म्हणून दोघांनाच ठाऊक असलेलं विचारलं. "पहिल्या भांडणात मी काय फोडलं होतं?"

पुन्हा मान डावीकडे...

"आरसा. आणि आळ घातलास मांजरावर."

अगदी बरोबर. पण माझं लक्ष त्या मानेवर गेलं. संवाद विसरले की हे अशीच मान कलती करायचे.

मी पायऱ्या चढून खांबामागे गेले.

कोणी नव्हतं. सगळीकडे बोटभर धूळ. स्टुलावर मात्र... कणभरही नाही.

तिथूनच मी विचारलं, "मी कोण?"

हे माझ्याकडे बघत राहिले. डोळे कोरे.

आणि अगदी माझ्या कानाशी कोणीतरी कुजबुजलं... "तू माझी बायको."

"तू माझी बायको," हे म्हणाले.

यांना काहीच आठवत नव्हतं. एक अक्षरसुद्धा नाही.

शहाणी बाई पुन्हा तिकडे फिरकली नसती. मी दर रविवारी यांना घेऊन जायचे. खोटं तर खोटं, पण यांच्या तोंडून ऐकायला मिळायचं. घरी आलं की पुन्हा आपली 'बाई'.

मग नाट्यगृह पाडलं. कमानही गेली. त्यानंतर हे फार दिवस राहिले नाहीत. शेवटी माझा हात धरून घाबरेघुबरे होऊन म्हणाले, "बाई, पुढचं वाक्य काय?"

मला काही सुचलं नाही. ते अजून मनाला खातं.

आता मी एकटी असते.

परवा सकाळी स्वयंपाकघरात गेले आणि कशाला आले तेच आठवेना. नुसती ओट्यापाशी उभी राहिले.

दाराच्या चौकटीमागून कोणीतरी हळूच म्हणालं...

"साखर."

साखरच हवी होती.

मी मागे वळून बघितलं नाही. तसाच फळीवरचा डबा काढला.

भीती वाटते. पण त्याला हाकलायचं धाडस होत नाही. उद्या मी कोण तेच विसरले, तर सांगायला घरात दुसरं आहे कोण?