सुमतीचं शून्य

लाइन आळीतल्या त्या लॅबमध्ये सुमतीच्या शब्दाला वजन होतं आणि ते तिलाही ठाऊक होतं. अठरा वर्षांत तिच्या हातून एक नळी इकडची तिकडे झाली नव्हती. हे ती नव्या मुलींना इतक्यांदा ऐकवायची की त्या पाठ फिरवून हसायच्या.

तिची एक पद्धत होती. रक्तातलं औषध मोजायचं नवं किट उघडलं की आधी, ज्याने ते औषध कधीच घेतलं नाही अशा माणसाचं रक्त मशिनला द्यायचं. तिथे शून्य आलं तर पुढचे आकडे खरे. असं रक्त रोज कुठून आणणार? सुमती स्वतःचंच काढायची आणि नळीवर ‘सु’ लिहायची. डोकं दुखलं तरी गोळी न घेणारी बाई ती. शून्य कधी चुकलं नाही.

२०११च्या जानेवारीत करंजाड्याच्या बळीरामचं रक्त आलं. उभा जन्म मिठागरावर काढलेला माणूस, हृदय थकलेलं, पायांवर सूज. हृदयावरचा ताण दाखवणारी बीएनपी चोवीसशेवर गेली होती. चारशेला डॉक्टर खुर्ची पुढे ओढतात. डॉ. अविनाशनी त्याला डिगॉक्सिन चालू केलं होतं. या गोळीचं गणित नाजूक असतं. कमी पडली तर हृदयाला जोर मिळत नाही. जास्त झाली तर अन्न नकोसं होतं, नाडी मंदावते, पांढऱ्या वस्तू पिवळ्या दिसू लागतात, आणि मग तीच गोळी माणसाला मारते.

बळीरामच्या रक्तात गोळी नव्हतीच. शून्य.

“म्हातारा गोळ्या थुंकतोय,” डॉक्टर फोनवर म्हणाले. “सुमतीताई, तुम्हीच जा. गोळी समोर घ्यायला लावा, सात तासांनी रक्त काढा. पुन्हा शून्य आलं तर अ‍ॅडमिट करून औषध शिरेतूनच देऊ. उशीर परवडणार नाही.”

सुमती करंजाड्यातच नव्या इमारतीत राहायची. सकाळी सातला ती गावातल्या बळीरामच्या जुन्या घरी गेली. बळीरामची बायको हौसा हिने गोळी दिली, त्याने गिळली, तोंड उघडून दाखवलं. जीभ, गाल, सगळं रिकामं.

दुपारी दोनला ती परत आली. सुई टोचताना बळीरामने दुसऱ्या हाताने तिचं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी गार होती.

“तुमचा हात ऊन हाय, बाय,” तो म्हणाला. “बरा वाटतो.”

“डोळ्यांना पिवळं काही दिसतं का?”

“नाय. सगला बरूबर दिसतो.”

नवं किट उघडायचंच होतं, म्हणून तिथेच दंडाला बांधायचा पट्टा दातात धरून तिने स्वतःचंही रक्त काढलं. हौसा तोंडाला पदर लावून हसली.

चार वाजता मशिनने आकडे दिले. बळीराम, शून्य. ‘सु’, दोन पॉइंट सात.

सुमतीने आकडे पुन्हा वाचले. मग तिने डोकं ताळ्यावर आणलं. दोन्ही नळ्या लाल बुचांच्या, एकाच पिशवीत, लेबलं आधीच लावून ठेवलेली. अदलाबदल झाली असणार, दुसरं काय? खरं तर दोघांचं रक्त पुन्हा काढायला हवं होतं. पण त्यासाठी ‘मी चुकले’ असं म्हणावं लागलं असतं, आणि डॉक्टर फोनवर थांबले होते.

तिने आकडे उलटे लिहिले. बळीराम, दोन पॉइंट सात.

“बाप रे, फार झालं,” डॉक्टर म्हणाले. “गोळी आजपासून बंद.”

आठव्या दिवशी बळीराम गेला. पायांतलं पाणी छातीपर्यंत चढलं होतं.

वय होतं, हृदय संपलेलं होतं, असं सुमती स्वतःला सांगत राहिली. तिचं जेवणावरचं मन मात्र उडालं होतं. जिने चढताना पाय ओढावे लागत होते. मनाला लागलंय, दुसरं काही नाही, असं तिने ठरवून टाकलं.

पुढच्या महिन्यात नवं किट आलं. तिने स्वतःची एकच नळी भरली. टेबलावर दुसरी नळी नव्हती, दुसरा माणूस नव्हता.

तीन पॉइंट एक.

तिने पुन्हा काढलं. तीन पॉइंट एक. मनगटावर बोटं ठेवून घड्याळ धरलं. नाडी बेचाळीस.

म्हणजे बळीराम खरंच शून्य होता. दोन पॉइंट सात हा आकडा तिचाच होता, आणि तो देऊन तिने त्या माणसाला मारलं होतं. ती रिक्षा करून तशीच करंजाड्याला गेली.

हौसा ओटीवर बसली होती. आत भिंतीवर बळीरामचा हार घातलेला फोटो होता, खाली पाण्याचा तांब्या आणि एक रिकामी बशी.

“बशीत काय ठेवता?” सुमतीने विचारलं.

“गोली,” हौसा म्हणाली. “शेवटाला डाक्टरांनी बंद केली ना. औषधाबिगर गेला माजा मानूस. आता रोज सातला ठेवते त्याच्या म्होरं.”

“आणि मग?”

“दुपारी बगते तर नसते. चिमनी नेत असंल.”

“हौसाबाई, उद्यापासून ठेवू नका. माझं एवढं ऐका.”

“तुमीच बंद करवली व्हती, बाय,” हौसा शांतपणे म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “आता कशी बंद करू? सपनात येऊन सांगतो, पुरत नाय. कालपास्नं दोन ठेवते.”

सुमतीला तिच्याकडे बघवेना. ती फोटोकडे बघत राहिली. काहीतरी बोलायला हवं म्हणून तिने विचारलं, “हार झेंडूचा आणलात?”

हौसाने वळून फोटोकडे पाहिलं, मग सुमतीकडे.

“झेंडू कुटला, बाय? तगर हाय. पांडरी फटक.”