अंगठ्याची खोड

तारांचा नवा संच आणायला गेलो होतो, तिथून हे सुरू झालं बघ. दुकानात गिटार शिकवणाऱ्या एक बाई होत्या. माझं वाजवणं पाहून म्हणाल्या, अंगठा दांडीवर असा आवळलात तर हात कामातून जाईल. जाईल कसला, गेलाच होता! पंधराव्या वर्षी हट्टाने एक अवघड रचना एकट्याने बसवली, आणि विशीत मनगट असं धरलं की पुढची वीस वर्षं गिटार कपाटावर धूळ खात पडली, ती आता कुठे खाली काढली होती.

बाईंनी मला पहिल्यापासून शिकवलं. रचना जुनीच, पण मुंगीच्या पावलाने. अंगठा नुसता टेकलेला, बोटं हलकी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी महिन्याभरात गेली. मी कोण खूश! कुठे गेली, हे विचारायची अक्कल मला नव्हती.

माझी लेक नऊ वर्षांची. गिटारला तिने कधी हातही लावला नव्हता. त्याच महिन्यात तिचा डावा अंगठा सुजला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, काही सापडलं नाही. बायको म्हणाली, लिहून लिहून दुखत असेल. अगं, पण पोरगी लिहिते उजव्या हाताने.

एका दुपारी ती झोपली होती. डाव्या हाताने तिने उजवं मनगट धरलं होतं, अंगठा खालून आवळलेला, आणि बोटं सरकत होती. मी ओळखलं. तीच रचना… तिसऱ्या ओळीत माझी करंगळी मागे राहायची, तिचीही राहिली.

माझ्या हातातून गेलंय, तर माझ्याच हातात परत घ्यायचं, एवढंच मला सुचलं. तिच्या उशाशी गिटार घेऊन बसलो आणि मुद्दाम वाईट वाजवू लागलो. पहिल्या दोन ओळी जमल्या. तिची बोटं सैल पडली. तिसऱ्या ओळीशी मात्र अडलो. जुनी पद्धत आठवेचना. कितीही आवळला तरी अंगठा आपोआप हलका होई, सूर स्वच्छ निघे, आणि प्रत्येक स्वच्छ सुराला ती कण्हत होती.

मला रडू फुटलं. "बाळा, मला आता तसं येत नाही गं…"

ती उठून बसली. डोळे मिटलेलेच. सुजलेला हात तिने माझ्या हातावर ठेवला आणि दाबला.

"असं नाही रे… दुखेपर्यंत दाबायचं."

ओठ तिचे हलले. आवाज मात्र पंधरा वर्षांच्या मुलाचा होता, नुकताच फुटू लागलेला.