फक्कीची रेघ

बोईसरच्या त्या चर्चच्या शाळेत बारा वाजता प्रार्थनेची घंटा झाली, की जो जिथे असेल तिथेच उभा राहायचा. गणिताच्या दीपाली टीचरचा खडू फळ्यावर थांबायचा, शिपाईकाकांचा पाय जिन्यावर, आणि गळका नळसुद्धा गळायचा थांबायचा. खोटं नाही सांगत — चिंचेवरून उडालेले कावळे पंख पसरून हवेतच लटकायचे!

आणि एके दिवशी त्या शांततेत मैदानातून — फुर्रर्र!

दीपालीनं खिडकीतून वाकून पाहिलं. पी.टी.चे नवे सर. तोंडात शिट्टी, आणि समोर अख्खा वर्ग पुतळ्यासारखा उभा राहिलेला बघून पार भांबावलेले. तिनं हसू दाबत ओठांवर बोट ठेवलं. सरांनी वर पाहिलं… आणि तेही थांबले.

प्रार्थना संपली. पोरं पळाली, कावळे उडाले. सर आपले तिथेच.

मधल्या सुट्टीत त्यानं तिला जिन्यापाशी गाठलंच. "टीचर, तुमी गप म्हणालात. आता बोललं तर चालंल ना?"

"बोला की."

"मी अंकुश. विक्रमगडकडचा हाय."

"एवढंच?"

"बाकीचं… तुमी बोट ठेवलंत ना, तवाच विसरलो."

मग रोज बारा वाजले, की ती खिडकीत, तो मैदानात. सुरूच्या झाडांतून खारा वारा यायचा, तिची बट उडवायचा, आणि ती बट सावरायला तिनं हात हलवायचा नाही — प्रार्थना चालू! बघणाऱ्यानं बघत राहायचं.

"डब्यात काय हाय?" सुट्टीत तो विचारायचा.

"सुके बोंबील. डोंगरातल्या माणसाला झेपायचे नाहीत."

"डोंगरातला माणूस काटापण सोडत नाय, टीचर."

पण डिसेंबरात बातमी आली. अंकुश ज्यांच्या बदली आला होता, त्या जुन्या सरांचा मोडलेला पाय बरा झाला होता. सोमवारी ते हजर होणार, म्हणजे शुक्रवारी अंकुशची नोकरी संपणार.

"मग… जाणार?" दीपालीनं खडूचा तुकडा बोटांत फिरवत विचारलं.

"जव्हारच्या शाळेत बोलावलंय. कुनी थांबवलं तर नाय जाणार."

"कोणी म्हणजे?"

"उत्तर तुमाला म्हाईत हाय."

"नुसत्या उत्तराला मी मार्क देत नाही, सर. रीत दाखवावी लागते!"

बोलली खरी तोऱ्यात, पण मग तिचं तिलाच धस्स झालं. हा माणूस गणितात कच्चा निघाला तर?

शुक्रवारी खेळांचा दिवस. मैदानावर फक्कीच्या, म्हणजे चुन्याच्या भुकटीच्या, पांढऱ्याशुभ्र रेघा पडल्या होत्या. बाराची घंटा झाली. दीपाली खिडकीत आली… आणि श्वासच विसरली. सगळ्या रेघा गोल वळत होत्या. एकच रेघ वळणावर फटकून निघाली होती, चिंचेला वळसा घालून थेट तिच्या खिडकीखाली येऊन थांबली होती. आणि रेघेच्या त्या टोकाला अंकुश, कोपरापर्यंत पांढरा.

बोलायचं नाही. हलायचं नाही. ते मिनिट इतकं लांबलं, की तिकडे चिंचणीच्या समुद्राला भरती येऊन ओसरली आणि मोठ्या सिस्टरांचा चहा दोनदा गार झाला!

प्रार्थना संपली, पण एकही पोर पळालं नाही. दीपाली जिना उतरून सगळ्यांच्या समोरून त्या रेघेच्या टोकाशी चालत गेली, हातात खडू तसाच.

"टीचर, मी —"

तिनं ओठांवर बोट ठेवलं. त्याच्या हातातलं फक्कीचं घमेलं घेतलं आणि त्याच्या पायापासून फाटकापर्यंत रेघ ओढली.

"इथवर बरोबर आहे," ती म्हणाली. "पुढचं चिंचणीला, माझ्या आईसमोर सोडवायचं."

"आणि चुकलो तर?"

"मी आहे ना… शिकवायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगळी, म्हणजे दीपालीची आई, बोंबील वाळत घालायला बाहेर आली आणि ओरडली, "दीपे! हा चुना कुनी सांडला गं?"

शाळेच्या फाटकापासून पाम गावावरून, तारापूरची खाडी ओलांडून, पांढरी रेघ मंगळीच्या उंबऱ्याशी येऊन थांबली होती. रेघेच्या टोकाला रिकामं घमेलं धरून अंकुश उभा.

मंगळीनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"एवढा आलास, तर उंबऱ्याशी का थांबलास रं?" ती म्हणाली. "हात धू. बोंबील तव्यावर हायेत."

आतल्या दारात दीपाली उभी होती. बोट ओठांवर, आणि हसू मात्र दाबता येत नव्हतं.